एका नावाची एकच फाइल

माझे दाजी मूर्ख नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, अहो, इतकं कसं कळलं नाही माणसाला! मीही म्हटलंय. तोंडावर म्हटलंय, आणि नको त्या शब्दांत म्हटलंय. पण मूर्ख माणसाच्या हातून हे झालंच नसतं. मूर्खाने कागदावर लिहून दिलेलं मुकाट्याने टाइप केलं असतं आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्डरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. तळघरातली लांबलचक खोली, लोखंडी मांडण्या, दिवसाढवळ्या जळणाऱ्या ट्यूबलाइट आणि टोकाला यांचं टेबल. शहरातल्या एकूण एक नळजोडणीचा कागद तिथे. कोणी पत्ता सांगायचा अवकाश, हे उठून नेमके त्याच मांडणीपाशी जायचे. हाताखालच्या लोकांनी त्यांचं नाव पाडलं होतं 'चिठ्ठीसाहेब', कारण दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी. घरीही तेच. पिठाच्या डब्यावर 'पीठ', मिठाच्या बरणीवर 'मीठ'. ताई म्हणायची, "एक दिवस माझ्या पाठीवर डकवतील, 'बायको'." दाजी चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, "डकवली असती. पण तू एका जागी बसशील तर ना!"

रेकॉर्डरूममध्ये त्यांचा एक नियम होता आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तो पाठ करावा लागे. एका नावाची एकच फाइल. त्याच नावाची दुसरी सापडली तर ती नक्कल समजायची आणि बाद करायची. नक्कल जागा अडवते.

ताईचं सगळं याच्या उलट. ती शिवणाचे वर्ग घ्यायची. मशीनभोवती चिंध्यांचा ढीग, ओठांत टाचण्या, मोजपट्टी हरवलेली आणि ती गळ्यातच. पण शिकवायची अशी की अडाण्यालाही कॉलर जमावी. वर्गातल्या बायका सांगायच्या, बाई नुसतं "हळू गं, घाई काय" म्हणाल्या तरी टाका सरळ पडतो. जिना चढताना दोन मजले खालूनच तिचा आवाज ऐकू यायचा आणि चढणारीला वाटायचं, चला, वर्ग सुरू आहे.

सहा वर्षांपूर्वी दोऱ्याच्या एका कंपनीने शिवण शिकवणाऱ्यांसाठी वेबसाइट काढली. आपण व्हिडिओ करायचे, ते तिथे टाकायचे. ताईने मशीनच्या वर फोन टांगला आणि बोलायला लागली. तोंड दिसायचं नाही, फक्त हात आणि आवाज. आठवड्याला दोन, कधी तीन, असे सहा वर्षांत सहाशे चाळीस झाले. पहिल्या दिवशी फोनने नाव विचारलं, हिने लिहिलं 'शिवणकाम'. पुढच्या वेळी फोनने आपणहूनच 'शिवणकाम' पुढे केलं, हिने 'हो' दाबलं. पुढे सहाशे चाळीसपर्यंत 'हो'च दाबत राहिली. दाजींचा जीव खालीवर व्हायचा. "अगं, बाहीला बाही म्हण, खिशाला खिसा म्हण. शोधणाऱ्याने काय करायचं?" ताई म्हणायची, "ज्याला शिवायचंय तो बघेल. तुम्हाला कुठे बाही लावायचीय?" आणि एकदा व्हिडिओ तिकडे चढला की फोनमधून पुसून टाकायची. फोन भरतो म्हणे.

मग तिचा घसा बसला. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, पहिली गोळी मीच दिली. घसा काही सुटेना. तीन महिने गेले, आवाज खरखरीत झाला, मग नुसती हवा निघायला लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मी बाहेर बाकावर बसले होते. ताई बाहेर आली आणि मलाच म्हणाली, "तू का रडतेस गं? बोलून बोलून मीच दमले होते."

मी तिला म्हटलं, "ताई, अजून थोडा आवाज आहे तोवर काहीतरी बोल, मी फोनवर घेते." ती ऐकेना. "या घोगऱ्या आवाजात? मुळीच नाही. माझा खरा आवाज तिकडे सहाशे वेळा पडलाय. पुढे ऐकायचा झाला तर तो ऐकीन."

आणि तिकडचं दार बंद होणार होतं. कंपनीने वेबसाइट गुंडाळायची ठरवली होती. महिन्याचा शेवटचा शनिवार, त्यानंतर सगळं पुसणार. ताईला नोटीस आली होती ईमेलवर, आणि ताई ईमेल कधी उघडत नसे. वर्गातल्या एका बाईने सांगितलं तेव्हा बारा दिवस उरले होते. आणि त्या शनिवारच्या आदल्याच गुरुवारी ऑपरेशन. ताईने दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "एकही जाणार नाही. शब्द देतो."

वेबसाइटवर उतरवून घ्यायचं बटण नव्हतंच. दाजी गेले दुरुस्तीवाल्या बाईंकडे. जिन्याखालच्या दुकानात त्या कॉम्प्युटर उघडून बसलेल्या असतात, माणसांशी बोलायला त्यांना फारसं आवडत नाही. त्यांनी दाजींच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालून दिला. त्याला ना चित्र ना बटण. एक काळी खिडकी उघडते, तिच्यात एक लांब ओळ टाइप करायची, की तो त्या पत्त्यावरचे सगळे व्हिडिओ एकामागून एक उतरवून घेतो. ओळ त्यांनी कागदावर लिहून दिली आणि बजावलं, "हे असंच टाइप करा. एक टिंबसुद्धा बदलू नका. दिवसभर लागेल, लागू द्या."

आता हे ऐकून सरळ टाइप करतील तर ते दाजी कसले! समजल्याशिवाय सही करायची नाही ही चौतीस वर्षांची सवय. प्रोग्रॅमची माहिती इंग्रजीत होती, सत्तर-ऐंशी पानं. ती त्यांनी छापून आणली, डिक्शनरी घेतली आणि आठवडाभर वाचली. मी म्हटलं, "दाजी, परीक्षेला बसताय का? घ्या ना उतरवून." तर म्हणाले, "धाकटे, एकदाच संधी आहे. चुकून चालणार नाही." मला तेव्हा बरंच वाटलं होतं. वाटलं, ताईसाठी जीव टाकतोय माणूस.

सोमवारी त्यांनी पाच व्हिडिओ उतरवून बघितले. उतरले. पण प्रत्येकाच्या नावात 'शिवणकाम' या शब्दामागे दहा-बारा अक्षरांची शेपटी, कशाला काही अर्थ नाही, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी. दाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही काय भानगड? असला केरकचरा सहाशे नावांना?" त्यांचा बेत मोठा होता. ताई घरी आली की तिच्याशेजारी बसून एकेक ऐकायचा आणि प्रत्येकाला नीट नाव द्यायचं. बाही, कॉलर, खिसा, काज. वर्षभराचं काम त्यांनी काढून ठेवलं होतं. त्यांनी ती छापील पानं उलटली, फाइलला नाव कसं द्यायचं हे प्रोग्रॅमला सांगायची सोय शोधून काढली आणि बाईंच्या ओळीत दोन शब्द बदलले. शेपटी नको, फक्त नाव. मी विचारलं, "पण सगळ्यांचं नाव एकच आहे ना?" ते म्हणाले, "असू दे. कॉम्प्युटरला कळतं ते. दुसऱ्यांदा तेच नाव आलं की कंसात दोन घालतो, मग तीन. ऑफिसात रोज बघायचो मी." खरंच घालतो. मीही दुकानात बघितलंय. म्हणून मी गप्प बसले. पाच चाचणीचे व्हिडिओ त्यांनी पुसून टाकले, पुन्हा नीट उतरवू म्हणून.

बुधवारी दुपारी आम्ही बसलो. संध्याकाळी ताईला दाखल करायचं होतं, ती आत बॅग भरत होती. दाजींनी ऑफिसातल्यासारखं रजिस्टर आखलं होतं, एक ते सहाशे चाळीस. ओळ टाइप केली, तीन वेळा तपासली आणि बटण दाबलं. काळ्या खिडकीत अक्षरं पळायला लागली. पहिला व्हिडिओ उतरला. मग दुसऱ्याची ओळ आली, 'शिवणकाम', आणि पुढे इंग्रजीत, हे आधीच उतरवून झालंय. तिसऱ्याला तेच. चौथ्याला तेच. मी आकडे वाचायचे, दाजी रजिस्टरात खूण करायचे.

मी विचारलं, "आधीच म्हणजे कधी?"

दाजी म्हणाले, "आधीच म्हणजे आपण वाचायच्या आधी. मशीन पुढे पळतं गं, आपण मागून वाचतोय."

आणि मला ते पटलं! डोंबल माझं. सोळा वर्षं औषधांवरची बारीक अक्षरं वाचते मी, एका आकड्याचा फरक पकडते. पण त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं, आणि आतून ताईच्या खोकल्याचा आवाज येत होता, आणि मला ते लवकर संपायला हवं होतं. दोन तासांत सहाशे चाळीस खुणा झाल्या. बाईंनी दिवसभर लागेल म्हणून सांगितलं होतं. दाजी खूश, म्हणाले, "त्या बाई उगाच वाढवून सांगतात."

मी म्हटलं, "एखादा लावून तर बघा." त्यांनी मान हलवली. "नको, धाकटे. उद्या तिचा आवाज जाणार आणि आज मी तो ऐकत बसू? नाही ऐकवणार मला." त्यांचे डोळे भरून आले होते, मग मीही जोर केला नाही. ज्या सुट्या डिस्कवर हे सगळं उतरवलं होतं, ती त्यांनी खाकी कागदात गुंडाळली, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, वर चिठ्ठी डकवली. ताईचं नाव, खाली 'आवाज', खाली आकडा. कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. रजिस्टरात जुळलं म्हणजे कपाटात जुळलं, हाही त्यांचाच नियम.

ऑपरेशन नीट झालं. शनिवारी वेबसाइट बंद झाली. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात होतो, कुणाला आठवणही नव्हती.

ताई सहा आठवड्यांनी घरी आली. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल, हातात एक पांढरी पाटी आणि पेन. बोलायचं ते लिहायचं, दाखवायचं, पुसायचं. बडबड्या बाईला काय शिक्षा आहे ही! कोणी विनोद केला तर तिचं उत्तर लिहून होईपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. पहिले काही दिवस ती लिहायची, मग कमी झालं. एके दुपारी मी गेले होते, तिने पाटी माझ्याकडे नाही, दाजींकडे केली. 'माझा आवाज लावा.'

दाजी लहान मुलासारखे उठले. कुलूप काढलं, पुडकं आणलं. ताईसाठी खुर्ची ओढली, पाठीला उशी दिली. चिकटपट्टी ब्लेडने सावकाश कापली. डिस्क जोडली, फोल्डर उघडलं.

आत एक फाइल होती.

दाजींनी फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं. मग डिस्क काढून पुन्हा जोडली. मग उठून रजिस्टर आणलं, त्यातल्या खुणा बघितल्या, जणू चूक डिस्कची आहे. मी म्हटलं, "दाजी, बाकीचे कुठे आहेत?" ताईने हात लांब करून स्वतःच ती एक फाइल उघडली.

वेबसाइटवर नवा व्हिडिओ सगळ्यात वर असायचा, म्हणून पहिला उतरला तो ताईचा शेवटचा होता. पडद्यावर तिचे हात आले. ती घशातून कशीबशी म्हणाली, "आज घसा बसलाय. बोलत नाही. हात बघा." त्यापुढे नऊ मिनिटं नुसतं मशीन चाललं. आम्हाला वाटलं ती मधेच बंद करेल. तिने शेवटपर्यंत बघितलं.

मी डिस्क उचलली आणि तशीच दुरुस्तीवाल्या बाईंकडे पळत गेले. दाजी मागून आले, पायात दोन वेगळ्या चपला. बाईंनी ओळ बघितली आणि कपाळावर हात मारला. "शेपटी का काढलीत? त्या शेपटीनेच तर एक व्हिडिओ दुसऱ्यापासून वेगळा कळतो. नाव तेच दिसलं की याला वाटतं हा आणलेलाच आहे, पुन्हा कशाला आणायचा. सोडून देतो आणि पुढे जातो." दाजी हळूच म्हणाले, "कंसात दोन घालत नाही?" बाई म्हणाल्या, "हा नाही घालत. हा नक्कल समजतो." दाजी जिन्याच्या पायरीवर खाली बसले. मला त्यांची दया यायला हवी होती. मी रस्त्यात उभी राहून त्यांना वाटेल ते बोलले. तुमची टापटीप, तुमच्या चिठ्ठ्या, तुमची चौतीस वर्षं, घाला चुलीत! माझ्या बहिणीला दुसऱ्यांदा मुकी केलीत तुम्ही! लोक थांबून बघत होते. बोलले आणि मग आठवलं की आकडे मीच वाचले होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

पुसलेले पाच परत मिळवायला बाईंनी दोन दिवस घालवले, पैसेही घेतले नाहीत. मिळाले नाहीत. कंपनीला मी तीन पत्रं लिहिली. एक सभ्य उत्तर आलं, सगळं पुसलं आहे, दिलगीर आहोत. वर्गातल्या बायकांना विचारलं. सगळ्यांनी बघितले होते, ठेवला कोणीच नव्हता. वेबसाइटवर असतीलच म्हणून. एकीकडे तिच्या बहिणीच्या लग्नाची चित्रफीत होती, तिच्यात मागे ताई कुणाशीतरी बोलताना दिसते, पण वर बॅंड वाजतोय. दाजींनी ती किती वेळा बघितली असेल, देव जाणे. ओठ हलताना दिसतात.

ताईला खरं सांगायचं काम दाजींनी दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. समोर बसले आणि सगळं सांगितलं, शेपटी, कंस, दोन शब्द, रजिस्टर. काही लपवलं नाही. ताईने ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, 'नावं मीच सारखी दिली. तुम्ही सांगत होतात.' चोर सोडून संन्याशाला फाशी! दाजी "नाही, नाही" म्हणत तिच्या हातातून पाटी ओढायला लागले, तिने सोडली नाही. शेवटी त्यांनी तळहाताने ती ओळ पुसली आणि हात काळा करून बसून राहिले. त्यानंतर ताईने तो विषय कधी काढला नाही. दाजींनी घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. आता मिठाच्या जागी साखर पडते आणि कोणी हसत नाही.

परवा रविवारी मी गेले होते. ताई आतल्या खोलीत कापड बेतत होती. दाजी माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "धाकटे, तुला तिचा आवाज आठवतो का गं?"

"न आठवायला काय झालं?" मी म्हटलं. "'अहो, तुम्हाला कुठे बाही लावायचीय' म्हणायची ना."

"ते शब्द झाले. शब्द मलाही आठवतात." ते टेबलाकडे बघत होते. "पण हल्ली ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. एकतीस वर्षं ऐकला, आणि चार महिन्यांत गेला. तुला कसे ऐकू येतात?"

मी मनात ते वाक्य म्हणून बघितलं. मलाही माझ्याच आवाजात ऐकू आलं. मी म्हटलं, "मला तिच्याच आवाजात येतात."

दार उघडं होतं. ताईला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. ती पाटी घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर धरली. 'मग बोल ना माझ्यासारखं.'

मला थट्टेवारी न्यायचं होतं. पण ती खुर्ची ओढून बसली आणि बघत राहिली, दाजीही बघत राहिले. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "अहो, तुम्हाला कुठे बाही लावायचीय." ताईने मान हलवली, असा नाही. मी जरा वर चढवून म्हटलं. पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून, जितकी आठवत होती तितकी ताई आठवून म्हटलं. डोळे उघडले तर ती माझ्याकडे बघत नव्हती, लिहीत होती.

पाटीवर लिहिलं होतं, 'मलाच कळत नाही आता.'